सगळं ग्लॅमर लाल वायरला!

वीकएंडचा प्लॅन मस्त झालाय. शिवनेरी बघून झाला, लेण्याद्रीच्या पायऱ्यांनी पोटऱ्या भरून आल्यात आणि आता संध्याकाळी परत पुण्याकडे. मंचर मागे पडलं, पेठला चहासाठी गाडी हायवेच्या कडेला घेतली. कटिंग मारला, किल्ली फिरवली आणि... कट्. कट्-कट्-कट्. स्टिरिओ मघाशी मजेत वाजत होता, पण किल्ली फिरवली की सगळे दिवे मान टाकतात. गाडीतले चौघंही एका सुरात : ‘बॅटरी गेली!’

थांबा बॉस! गेली असेलही. पण नवी बॅटरी म्हणजे चार-पाच हजारांची फोडणी. त्याआधी बॉनेट उघडा आणि मायनसकडे बघा. तिथली ती जाड काळी वायर, गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘अर्थिंग’. तिला कुणी विचारत नाही.

गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला बॅटरीपर्यंत परतीची वेगळी वायर नसते. करंट प्लसमधून निघतो, काम करतो आणि गाडीच्या पत्र्यातून, इंजिनातून या काळ्या केबलवाटे घरी येतो. स्टिरिओला हवा जेमतेम काही अँपिअर करंट. तो गंजक्या जोडातूनही निभावतो. स्टार्टरला मात्र शंभराच्या वर लागतो. तिथे जोड ढिला असला की कट्-कट्!

टर्मिनल हाताने फिरवून बघा. हललं, तर चोर सापडला. पांढरा-हिरवा खार साठलाय? तोही चोरच. केबलचं दुसरं टोक बॉडीला किंवा गिअरबॉक्सला बोल्टने बसवलेलं असतं, तिथला गंज तर कुणीच बघत नाही. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि मित्राला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला, तर वाटेतच गळती आहे.

आता काम. किल्ली बाहेर, अंगठी आणि मेटलचं घड्याळ खिशात. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो. मायनस आधी काढायचा आणि लावताना सगळ्यात शेवटी लावायचा. उलटं केलंत आणि प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट! खार काढायला कोमट पाण्यात खायचा सोडा, मग पॉलिश पेपर. बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडा. क्लॅम्प खुंटीवर पूर्ण खाली बसवा, हाताने फिरणार नाही इतका आवळा. हातोडी नको, शिसं मऊ असतं. वरून पेट्रोलियम जेली. (क्लॅम्पमध्ये खिळा किंवा चांदी ठोकून ‘फिट’ करणारे महाभाग हायवेवर भेटतात. त्यांना फक्त नमस्कार करा.)

जम्प स्टार्ट करताना काळा शेवटचा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला लावू नका. बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच.

नव्या गाड्यांत मायनसवरच छोटा सेन्सर असतो. तो ओढू-पिळू नका, आधी मॅन्युअल बघा. आणि केबल काढून लावल्यावर घड्याळ बारा दाखवेल, खिडकीची ऑटो काच अर्ध्यावर रुसेल. बऱ्याच गाड्यांत ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की ताळ्यावर येते.