मम्मी कार्टूनमध्ये कशी येणार?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर आमच्या महिला मंडळानं मुलींसाठी सुट्टीतलं शिबिर घेतलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुली. एका दुपारी मी त्यांना सांगितलं, आज प्रत्येकीनं कार्टून फिल्मसाठी एक पात्र तयार करायचं. अगदी स्वतःचं, नक्कल नको. अर्ध्या तासानं कागद गोळा केले तर काय, तीन डोरेमॉन, चार छोटा भीम आणि बाकी सगळ्या निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या पऱ्या! म्हटलं, अगं, तुमच्या मम्मीला हिरॉईन करा की. त्यावर एक चुणचुणीत पोरगी खुदकन हसली. "ताई, मम्मी कार्टूनमध्ये कशी येणार? ती काय करते? पाणीच तर भरते!"

हसण्यावारी नेलं खरं, पण घाटकोपरहून मुलुंडला घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. आठवून पाहिलं, आपली मुलं रोज बघतात त्या कार्टूनमधल्या बायका कशा असतात? नोबिताची आई अभ्यासावरून ओरडते. टुनटुन मावशी लाडू वळते. (तिचं निदान स्वतःचं दुकान तरी आहे!) बाकीच्या आया दारात उभ्या राहून "जेवायला चल" म्हणतात आणि अदृश्य होतात. मग त्या पोरीचं काय चुकलं?

माझी भाची अंधेरीच्या एका स्टुडिओत हेच काम करते, पात्रं घडवायचं. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, पात्र म्हणजे नुसतं चित्र नाही गं. ते पुढून, बाजूनं, पाठीमागून कसं दिसेल, रागावलं तर भुवई कुठे जाईल, शेजारच्या पात्रापेक्षा किती उंच, या सगळ्याचा एक तक्ता करावा लागतो. म्हणजे दहा जणांनी काढलं तरी ते तेच दिसायला हवं." आणि खरी परीक्षा कुठली? पात्र पूर्ण काळं करायचं. नाक, डोळे, कपडे काही नाही, फक्त सावली. त्या सावलीवरून ते ओळखता आलं तर पात्र जमलं.

तिनं आणखी एक सांगितलं ते मला फार मार्मिक वाटलं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. दहा मिनिटांच्या हाती काढलेल्या फिल्मला ७,२०० चित्रं झाली! आता त्या प्रत्येक चित्रात साडीच्या निऱ्या, पदर, बांगड्या काढायच्या म्हणजे चित्रकाराच्या जिवावरच येतं. मग बाईचा पेहराव सोपा होतो, तिचं फिरणं कमी होतं आणि ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहते. सगळं कारण हेच असं नाही म्हणणार मी, पण आपलं दिसणं "परवडत नाही" ही गंमतच आहे.

पण मनात आणलं तर काय होतं याचं उदाहरण याच मुंबईत घडलंय. मीना आठवते? लांब झग्यातली, मिठू पोपटाला घेऊन हिंडणारी मुलगी. युनिसेफनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला दक्षिण आशियातल्या मुलींसाठी जन्माला घातलं. तिला रूप दिलं ते मुंबईच्या राममोहन यांनी. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला, तिथे डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते शिकले. पुढे २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. पण मला त्यांच्या मोठेपणापेक्षा मीना घडवण्याची रीत महत्त्वाची वाटते. स्टुडिओत बसून एक गोड मुलगी काढली आणि मोकळे झाले, असं नाही केलं त्यांनी. वेगवेगळी रेखाटनं घेऊन माणसं भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळमधल्या वस्त्यांत गेली, बायकामुलांना दाखवली, ही तुमच्यातली वाटते का म्हणून विचारलं. कपडे असे ठरले की कुठल्याच एका देशाचे वाटू नयेत. नावही सगळीकडे चालणारं. आणि गोष्टी? मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर ती मिठूला पाठवून धडे शिकते आणि त्याच मोजणीच्या बळावर कोंबडीचोर पकडून देते. आंब्याचा मोठा वाटा भावाला का, हे त्या एवढ्याशा पोरीनं विचारलं तेव्हा किती घरांत आयांनी मान खाली घातली असेल! माझ्या सासूबाईंनी ते पाहून काही न बोलता नातवाच्या ताटलीतल्या दोन फोडी नातीच्या ताटलीत टाकल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच राममोहन यांच्या स्टुडिओत जे. जे. मधून आलेली गीतांजली राव कामाला लागली. तिनं पुढे तीन वर्षं एकटीनं खपून 'प्रिंटेड रेनबो' ही पंधरा मिनिटांची फिल्म केली. नायिका कोण, तर मुंबईतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी म्हातारी! सोबतीला मांजर आणि काडेपेट्यांच्या चित्रांचा साठा. त्या चित्रांत शिरून ती रंगीत जगात फिरून येते. २००६ मध्ये कानच्या महोत्सवात समीक्षकांच्या विभागात या फिल्मला तीन पुरस्कार मिळाले. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक सोसायटीत अशी एक आजी खिडकीत बसलेली असते की नाही सांगा. तिच्यात नायिका दिसायला एक बाईच यावी लागली. पवईच्या आयआयटीत तेव्हा शिकवणाऱ्या नीना सबनानींनी तर २००९ मध्ये 'टांको बोले छे' करताना कच्छच्या भरतकाम करणाऱ्या बायकांनाच आपली गोष्ट टाक्यांनी सांगायला लावली. पात्रं कापडाची, हात त्यांचेच.

म्हणून म्हणते, मुलगी ॲनिमेशन करायचं म्हणाली तर "कार्टून काढून पोट भरतं का?" म्हणून तिला गप्प करू नका. पण डोळे झाकून पैसेही भरू नका. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी मुलीसाठी एफडी मोडली. उपनगरातल्याच एका क्लासनं वर्षभर नुसतं सॉफ्टवेअर शिकवलं. बाजारात जाऊन माणसं बघून काढा, असं एकदाही सांगितलं नाही. वर्षाअखेर पोरीच्या फाईलमध्ये सगळी परकी पात्रं! फी विचारण्याआधी विचारा, इथे माणसं काढायला शिकवतात का? आणि आणखी एक. मुलीनं स्वतःचं पात्र काढलं तर त्यावर तारीख-सही करायला शिकवा. नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्यानं मालकाकडे जातो. बाहेरच्या कुणाला द्यायचं असेल तर आधी लेखी कागद. आपण आयुष्यभर केलेल्या कामावर आपलं नाव नसतं, निदान त्यांच्या तरी असावं.

तर ती पाणी भरणारी मम्मी. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला सांगितलं, आज घरी जाऊन फक्त बघ. तिनं काढून आणलं : डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाईल, एक पाय वरच्या पायरीवर. मी ते चित्र काळ्या खडूनं भरून टाकलं आणि वर धरलं. सगळ्या पोरी एकदम ओरडल्या, "ही तर हिची मम्मी!"

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आयांना बोलावलं होतं. ती बाई कामावरून धावतपळत आली, चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. तर लेकीला म्हणाली, "अगं, हंडा काय असाच टेकवतात डोक्यावर? चुंबळ कुठाय?"

पोरीनं तिथेच खाली बसून रबर काढलं.