टाकीतला मासा आणि घरातली बरकत



नांदेडकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा दहावी पास झाला, त्याला माशांची टाकी हवी आहे. तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच अशी टाकी ठरली. पण दुकानदार म्हणतो, "फ्लॉवरहॉर्न न्या, घरात बरकत येते." सासूबाईंनाही ते पटले आहे. काय करावे?

ताई, आधी त्या बरकतीचे बघू. फ्लॉवरहॉर्न हा कुठल्याही नदीतला मूळचा मासा नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड जातींचा संकर करून १९९०च्या दशकात मलेशियात तो तयार केला गेला. कपाळावर टेंगूळ, अंगावर चिनी अक्षरांसारखे काळे ठिपके, म्हणून तो शुभ ठरला आणि त्याची किंमत चढली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वास्तुशास्त्र पुढच्या दाराने येत नाही, ते असे काचेच्या पेटीतून येते! शिवाय हा मासा फूटभर वाढतो आणि शेजाऱ्याला जगू देत नाही. ऑस्करचेही तेच. दुकानात दोन इंचाचे गोजिरवाणे पिल्लू, वर्ष-दीड वर्षात दहा-बारा इंचांचा दांडगा मासा. तुमच्या टाकीत जेमतेम शंभर लिटर पाणी मावेल. फूटभर रुंदीत त्याला नीट वळताही येणार नाही.

मग घ्यावा कोणता? मासा बघण्याआधी पाणी बघा. तुमच्याकडे बोअरचे पाणी आहे असे लिहिले आहे. साबणाला फेस येत नसेल, हंड्याला आतून पांढरे पुट चढत असेल, तर ते पाणी जड. असे पाणी आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या माशांना मानवते. त्यातला 'यलो लॅब' घ्या. हळदीसारखा पिवळा, चारेक इंचांचा, त्या सरोवराच्या भांडखोर मंडळींत त्यातल्या त्यात शांत. सहा-आठ पिल्ले एकदमच आणा आणि दगडांच्या कपारी रचून द्या. मादी अंडी तोंडात धरून तीनेक आठवडे जवळजवळ उपाशी राहते. तिचे तोंड फुगलेले दिसले तर आजारी समजून औषध ओतू नका.

मुंबईकर वाचकांच्या नळाला धरणाचे मऊ पाणी येते. त्यांनी एंजलची एक जोडी ठेवावी. हाही सिक्लिडच, अमेझॉनकडचा. पानावर अंडी घालून नर-मादी दोघेही पंखांनी वारा घालत पहारा देतात. (पुरुषवर्गाने जरा निरखून पाहावे.) एंजल आणि यलो लॅब मात्र एकाच टाकीत नकोत.

टाकी आणली त्याच दिवशी मासे आणू नका, दुकानदार कितीही म्हणो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवून चिमूटभर खाद्य रोज टाका. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाचे असेल तर क्लोरीन मारणारे औषध घालून.

मासे नकोसे झाले तर दुकानात परत द्या, ओळखीत कुणाला द्या, पण तळ्यात-नदीत सोडू नका. एक जीव सोडला असे वाटते, आणि तिथल्या कित्येक जिवांवर गदा येते. तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज गावोगावच्या तळ्यांत देशी माशांचे अन्न आणि जागा खातो आहे. पंचशीलातले पहिले शील इथेही लागू आहे, हे मुलाला जरूर सांगा.

भरलेली टाकी सव्वाशे किलोच्या वर जाते, तेव्हा टेबल मजबूत हवे, खाली थर्माकोलची शीट हवी. आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घेऊन ठेवा. वीज नसताना खाद्य घालायचे नाही.