‘नाही’ म्हणण्याचा पगार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. गंमत अशी की, मालकावर ती पायरी चढण्याची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी पगार घेणारा वकील आता तयार झाला आहे. त्याच्या अंगावर काळा कोट नसतो, दाराशी पक्षकार नसतात. तो कंपनीत किंवा बँकेत बसतो आणि कायद्याने सांगितलेले सारे वेळच्या वेळी होते की नाही, ते पाहतो. साखर कारखान्याचेच पाहा. उसाचे पैसे 14 दिवसांत दिले नाहीत तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ठरवून दिले. शिवाय प्रदूषण मंडळाची संमती, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, कंपनी कायद्याची विवरणपत्रे! हे सांभाळणाऱ्याला सरकारी मराठीत अनुपालन अधिकारी म्हणतात. बोलताना सगळे ‘कंप्लायन्स’च म्हणतात.

आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावातही हा शब्द आता घरात आला आहे. मुलगा किंवा मुलगी लातूरला नाही तर धाराशिवला एलएल. बी. करते आणि शेवटच्या वर्षी घरात प्रश्न उभा राहतो : इथल्या कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसायचे, की पुण्या-मुंबईची नोकरी धरायची? माझी हयात बँकेत गेल्यामुळे आईबाप हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. कादंबरीकाराचा सल्ला घ्यायला कोणी येत नाही, हेही खरेच!

नुसता पैशाचा हिशेब मांडला तर उत्तर सोपे वाटते. नवोदित वकिलांना ग्रामीण भागात महिना किमान 15,000 आणि शहरात 20,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये केली. शिफारसच ती, सक्ती नव्हे. उलट सरकारी बँकेत स्केल एकच्या विधी अधिकाऱ्याचा मूळ पगारच मार्च 2024 च्या वेतनकरारानंतर 48,480 रुपयांपासून सुरू होतो, भत्ते वेगळे. तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात. खासगी कंपन्यांत तशी शिडी नाही. मोठ्या कंपनीतला विधी विभागाचा प्रमुख बँकेतल्या अधिकाऱ्याला पुष्कळ मागे टाकतो. लहान कंपनीत मात्र वर्षे जातात आणि हुद्दा तोच राहतो.

पण या नोकरीची एक किंमत आहे, ती पगारपत्रकात दिसत नाही. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. नोकरी धरली की सनद बाजूला ठेवावी लागते. हिमाचल प्रदेशातल्या वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हेच सांगितले. 31 ऑक्टोबर 2025 च्या निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. पक्षकाराने आपल्या वकिलाला जे सांगितले, ते गुप्त राखण्याचे जे संरक्षण कायदा वकिलाला देतो, ते कंपनीतल्या पगारी वकिलाला मिळत नाही. मालक आणि त्याचा हा नोकर यांच्यातले बोलणे त्या आडोशाला येत नाही. ज्याची चूल मालकाच्या पगारावर पेटते, तो पूर्ण स्वतंत्र कसा असणार, असा त्यामागचा विचार.

खरा पेच इथेच आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली शिकवण. पण या माणसाने मिठाला जागायचे म्हणजे मालकाला वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणायचे! बँकेत मी हे जवळून पाहिले. सातबाऱ्यातली खोट दाखवून विधी अधिकाऱ्याने कर्जाचा प्रस्ताव अडवला, की शाखेत कुरकुर सुरू होई. बढतीच्या मुलाखतीत ठेवी किती आणल्या, कर्जे किती दिली, हे विचारले जाई. बुडणारे कर्ज ज्याने मुळातच होऊ दिले नाही, त्याच्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. टळलेल्या नुकसानीची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही.

रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये बँकांच्या मुख्य अनुपालन अधिकाऱ्यासाठी जे नियम घातले, ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. नेमणूक किमान तीन वर्षांची. मुदतीआधी हलवायचे तर संचालक मंडळाची मंजुरी हवी. आणि त्याला धंद्याचे उद्दिष्ट द्यायचे नाही. 2022 मध्ये हीच व्यवस्था नागरी सहकारी बँकांनाही सांगितली गेली. पण 1,000 कोटींहून अधिक ठेवी असलेल्यांनाच. तालुक्या-जिल्ह्याच्या लहान बँका त्याबाहेर राहिल्या. आमच्या जिल्ह्याने तर जानेवारी 2021 मध्ये वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झालेला पाहिला. 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. विम्याची मर्यादा पाच लाखांची. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न ज्याच्या घरात असतो त्यालाच कळतो. तिथे कोण चुकले, हा आजचा विषय नाही. ‘नाही’ म्हणणारा माणूस लहान संस्थेलाही तितकाच लागतो, एवढेच म्हणायचे आहे.

म्हणून आईबापांना माझे सांगणे असे. नुसत्या पगाराच्या आकड्यावर भुलू नका. नोकरी धरण्याआधी मुलांना तीन गोष्टी विचारू द्या : मी कोणाला उत्तरदायी? मला काढण्याचा अधिकार कोणाचा? माझी पगारवाढ धंद्याच्या आकड्यांशी बांधलेली आहे का? आणि एक व्यवहाराची गोष्ट : शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अनुपालन अधिकारी कंपनी सेक्रेटरीच असावा लागतो, नुसती कायद्याची पदवी तिथे पुरत नाही. ज्यांना त्या वाटेने वर जायचे आहे, त्यांनी ती परीक्षाही मनावर घ्यावी.

आणि आपण ठेवीदार, सभासद, भागधारक? वार्षिक सभेत लाभांश किती, हे आपण हटकून विचारतो. नियम सांभाळणारा माणूस कोण आहे आणि यंदा त्याचे किती ऐकले, हेही एकदा विचारून पाहावे. त्याचा पगार शेवटी आपल्याच पैशातून जातो. आणि त्याने तोंड मिटले, तर नुकसानही आपलेच होते.