चाचणीला ईदची वाट नको

रमजानचा चाँद दिसला की मोहल्ल्यातल्या घरांचे घड्याळच बदलते. पहाटे सहेरी, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीहची नमाज. या वेळांभोवती दिवस फिरू लागतो आणि जे काम पुढे ढकलता येते ते ‘ईदनंतर बघू’ म्हणून मागे पडते. घराचा रंग किंवा दुचाकीची दुरुस्ती मागे पडली तर काही बिघडत नाही. पण याच यादीत गरोदर सुनेची साखरेची चाचणीही जाऊन बसते, आणि ते मात्र महागात पडू शकते.

हिशेब सरळ आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रीची साखर दोनदा तपासायची असते. पहिल्यांदा नाव नोंदवताना, आणि दुसऱ्यांदा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. म्हणजे मुदत चार आठवड्यांची. रमजान २९ किंवा ३० दिवसांचा. चोविसावा आठवडा पहिल्या रोजाला लागला, तर शिरखुर्मा चुलीवर चढेपर्यंत ही मुदत निघून गेलेली असते. चाचणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर तो गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटीच यावे असेही बंधन नाही. अडचण एवढीच, की ग्लुकोजचे पाणी प्यायले की रोजा तुटला.

गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरके इन्सुलिनचे काम अवघड करतात. काही स्त्रियांचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ते निभावून नेते, काहींचे नाही. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते, अंगाने फार मोठे होते, बाळंतपण अडते आणि जन्मानंतर त्याची साखर एकदम उतरू शकते. यातले काही आईला जाणवेलच असे नाही. तहान, थकवा, गळल्यासारखे वाटणे ही तर रोजादाराची रोजचीच तक्रार. आजार रोजाआड लपतो तो असा.

याच्या जोडीला ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे. उन्हाच्या देशात ती असावी याचे नवल वाटते, पण दुपारच्या उन्हात कोण बसते? बुरख्याकडे बोट दाखवून मोकळे होणाऱ्यांनी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, ऑफिसात बसणाऱ्या, उन्हात स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवणाऱ्या आपल्या लेकींचेही रक्त तपासून घ्यावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नसते. गच्चीवर किंवा अंगणात, आडोशाने का होईना, हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे लागते.

ज्यांच्यात हे जीवनसत्त्व कमी, त्या स्त्रियांत गरोदरपणातला मधुमेह जास्त दिसतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण गोळी घेतली की मधुमेह टळतो, हे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. तेव्हा मेडिकलमधून साठ हजार युनिटची पुडी आणून मनानेच घेऊ नये. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमची जी गोळी दिवसातून दोनदा घ्यायला मोफत देतात, तिच्यात २५० युनिट ड जीवनसत्त्व असतेच. ही गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नसते, दोघींत दोन तासांचे अंतर हवे. आता या तीन गोळ्या इफ्तार आणि सहेरीच्या मध्ये बसवून पाहा. बहुतेक घरांत एखादी तरी सुटते, आणि महिनाभर सुटत राहते.

मग धर्म काय सांगतो? सूरह अल-बकरामध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला अपायाची भीती असेल तर हीच सवलत हदीसने दिली आहे. हनफी मतानुसार तिने नंतर तेवढे रोजे, म्हणजे कजा, ठेवायचे. कोकणातल्या शाफई घरांत, केवळ बाळाच्या काळजीपोटी रोजा सोडला असेल तर कजाबरोबर फिदयाही द्यायचा, म्हणजे गरिबाला अन्न. वाट अशी आखून दिलेली असताना तिला अडवते कोण? मौलाना क्वचितच. ‘आम्ही नऊ महिन्यांत एकही रोजा सोडला नाही,’ असे ऐकवणारी घरातली वडीलधारी बाई बहुधा अडवते. हरतालिकेला गरोदर सुनेला पाणीही न देणाऱ्या घरांत हाच आवाज ऐकू येतो, भाषा तेवढी वेगळी.

मधुमेह निघालाच, तर रोजाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. इन्सुलिन चालू असलेल्या गरोदर स्त्रीने रोजा ठेवू नये, हा वैद्यकीय सल्ला स्पष्ट आहे. सुई टोचल्याने किंवा बोटातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. पण प्रश्न सुईचा नाही, सुईनंतर पोटात अन्न नसण्याचा आहे. गरोदर बाईचे शरीर उपाशीपोटी इतरांपेक्षा लवकर थकते. वर दिवसभराच्या उपासावर रूहअफजा, खजूर, भजी एकदम आले की साखर उसळी घेते. रोजा नसेल तेव्हाही थोडे थोडे, पण वेळेवर खावे. डाळ, अंडी, बांगडा, पालेभाजी चालते. बांगड्यात आणि अंड्याच्या बलकात ड जीवनसत्त्वही असते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रमजानातही एक ९ तारीख येतेच. त्या दिवसाचा एक रोजा कजा करावा लागला तर लागू दे. नवऱ्याने दुकान तासभर बंद ठेवून सोबत जावे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवायला हवी. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची साखर पुन्हा तपासायची असते. आपल्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला, शेजारी सव्वा महिना. न्हाणे झाले, नवे कपडे झाले, बाळाला घेऊन ती घराबाहेर पडते ती साधारण याच सुमाराला. रिक्षा माहेरी नेण्याआधी दवाखान्यावरून न्यावी.