गाजर गवताचा हिशेब आणि ऑगस्टचा सप्ताह

जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. वृत्तपत्रांत उपटलेल्या झुडपांचे ढीग आणि त्यामागे ओळीने उभे असलेले विद्यार्थी दिसतात. उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र या बातम्यांत बियांचा उल्लेख क्वचितच असतो, आणि सारा प्रश्न बियांचाच आहे.

पार्थेनियमच्या प्रत्येक इवल्या पांढऱ्या फुलोऱ्यात साधारण पाच बिया धरतात. ही संख्या क्षुल्लक वाटते. परंतु एका जोमदार झाडाच्या बिया पंधरा हजारांच्या पुढे जातात. त्यांपैकी ९९.९ टक्के नष्ट झाल्या असे मानले, तरी पंधरा उरतात. पंधराच्या पुढील पिढीत २२५, त्यापुढे ३,३७५. ओलावा टिकल्यास वर्षभरात एकाहून अधिक पिढ्या होतात. बीज दोन मिलिमीटरच्या आसपास, अतिशय हलके. त्याला चिकटून राहिलेली दोन वंध्य पुष्पके त्यास वाऱ्यावर व पाण्यावर तरंगण्यास साहाय्य करतात. उरलेला प्रवास वाहनांच्या चाकांना लागलेला चिखल घडवून आणतो. मातीत गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते.

ही वनस्पती १९५५ मध्ये पुण्यात आढळली, आणि अमेरिकन गव्हासोबत आल्याची कथा तिला कायमची चिकटली. 'काँग्रेस गवत' हे नाव त्याच काळाचे स्मरण. पी. एल. ४८० खालील भारताचा पहिला करार मात्र १९५६ मधला. त्याआधीही अमेरिकेचा गहू येत होता, त्यामुळे शंका पूर्णतः फिटत नाही. पण रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कोलकाता उद्यानसूचीतही हे नाव आहे. खलनायक शोधण्याच्या नादात बियांचा हिशेब मागे पडतो, तो असा.

खरा आक्षेप वेळेचा आहे. जबलपुरात पाऊस जूनच्या उत्तरार्धात स्थिरावतो, आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत हे झाड फुलू शकते. म्हणजे सप्ताह उजाडेपर्यंत पहिल्या पावसातली कित्येक झाडे बी टाकून मोकळी झालेली असतात. पक्व झाड उपटून ओढत नेणे ही एका अर्थी पेरणीच! शिवाय फुलोऱ्यावर आलेली झाडे उघड्या हातांनी उपटणाऱ्यांना त्वचेचा दाह होतो. छायाचित्रातील मुलांच्या हाती हातमोजे क्वचितच दिसतात.

मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूत सोडण्यात आला. तो पाने फस्त करतो, पण त्याची संख्या वाढते पावसाळ्यात, झाडांच्या मागोमाग. तरोट्याचे, म्हणजेच टाकळ्याचे, बी पावसापूर्वी फेकून ठेवले तर ते जागा आधीच व्यापते. सप्ताह ऑगस्टमध्ये राहू द्यावा, पण उपटण्याचे काम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, झाड अजून पानांच्या चक्राएवढे असताना आणि हातमोजे घालूनच व्हावे.