मर्यादा कोणी आखायच्या?

मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील मतदारांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन कौल दिले. गर्भ मातेच्या उदराबाहेर जगू शकेल अशा अवस्थेला पोचेपर्यंत स्त्रीला गर्भपाताचा हक्क असावा, अशी तरतूद राज्याच्या घटनेत करण्यास सुमारे ६१ टक्के मतदारांनी संमती दिली. बेकायदा सरहद्द ओलांडणे हा राज्याच्या कायद्यानेही गुन्हा ठरवावा, या प्रस्तावालाही जवळजवळ तितक्याच मतदारांनी पाठिंबा दिला. अध्यक्षपदासाठी मात्र या राज्याने बहुमत दिले ते डोनाल्ड ट्रम्प यांना. पहिला कौल डेमोक्रॅटिक पक्षाच्या भूमिकेशी जुळणारा, तर उरलेले दोन रिपब्लिकन पक्षाच्या. वॉशिंग्टनमधील पक्षप्रवक्त्यांच्या हिशेबात असा मतदार बसतच नाही. त्यांच्या मते गर्भपाताविषयीचे मत कळले की सरहद्दीविषयीचे मत निराळे विचारण्याची गरज नसते, आणि ही दोन्ही कळली की अध्यक्षाची प्रकृती ठणठणीत आहे की ढासळलेली, हेही त्या माणसाच्या तोंडून आधीच वदवून घेता येते.

वास्तविक हे तीन प्रश्न तीन वेगळ्या जातींचे आहेत. गर्भपाताचा प्रश्न वैद्यकाचा आणि सदसद्विवेकाचा, सरहद्दीचा प्रश्न प्रशासनाचा आणि अर्थकारणाचा, तर अध्यक्षाच्या पात्रतेचा प्रश्न राज्यघटनेचा. त्यांच्यात एकच गोष्ट समान आहे. तिन्ही ठिकाणी एक रेघ ओढावी लागते. किती आठवड्यांपर्यंत? किती माणसांना, कोणत्या अटींवर? किती दुर्बलतेपर्यंत? अशी रेघ निसर्गाने आखून दिलेली नसते आणि धर्मग्रंथातून वा शास्त्रग्रंथातून ती सर्वांना मान्य होईल अशा रीतीने काढताही येत नाही. ती माणसांनी देवघेव करून ठरवायची असते, आणि लोकशाहीत त्यासाठी नेमलेले ठिकाण म्हणजे विधिमंडळ. अमेरिकेचे आजचे दुखणे मतभेदांच्या तीव्रतेचे आहे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्याहून खोल आहे. रेघ ओढण्याचे काम ज्या काँग्रेसचे, तिनेच ते टाकून दिले आहे.

गर्भपाताचेच पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य केला. त्या सात न्यायमूर्तींपैकी पाच रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. निकालपत्र लिहिणारे न्या. ब्लॅकमन हे निक्सन यांनी नेमलेले, आणि विरोधी मत नोंदवणारे न्या. व्हाइट हे डेमोक्रॅटिक अध्यक्ष केनेडी यांनी नेमलेले. त्याआधी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली होती ती तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. उलट पुढे अध्यक्ष झालेले जो बायडेन सत्तरीच्या दशकात तरुण सिनेटर असताना ‘रो’च्या निकालावर नाराज होते. या प्रश्नावर पक्षांच्या रांगा तेव्हा लागलेल्या नव्हत्या, म्हणजेच तडजोडीला जागा होती. त्यानंतरच्या ४९ वर्षांत काँग्रेसने या हक्काला कायद्याचे अधिष्ठान दिले नाही की देशभर लागू होईल अशी आठवड्यांची मर्यादाही आखली नाही. न्यायालयाने ठरवले आहे ना, मग आपण मतदारांचा रोष का ओढवून घ्या, असा हा सोयीचा हिशेब होता.

न्यायालयाने दिलेले न्यायालय काढूनही घेऊ शकते, हे २४ जून २०२२ रोजी दिसून आले. मिसिसिपी राज्याचा पंधरा आठवड्यांचा कायदा वैध ठरवताना पाच न्यायमूर्तींनी ‘रो’चा निकालच रद्द केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्वतंत्र मत दिले. पंधरा आठवड्यांची मर्यादा मान्य करावी, परंतु मूळ हक्क आज मोडीत काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. या मध्यम भूमिकेच्या बाजूला त्यांच्याखेरीज एकही न्यायमूर्ती नव्हता.

त्यानंतर डझनभर राज्यांत गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. काही राज्यांनी सहा आठवड्यांची मर्यादा घातली. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत त्यातले चार संपलेले असतात, आणि स्त्रीच्या हाती फार तर दोन उरतात. मातेच्या जिवाला धोका असल्यास अपवाद आहे खरा, परंतु धोका किती वाढला म्हणजे तो कायद्याच्या दृष्टीने पुरेसा, हे डॉक्टरला कोणी सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टेक्सासमधील एका गर्भवतीने न्यायालयात धाव घेतली. तिच्या गर्भात जीवघेणा जनुकीय दोष आढळला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला परवानगी नाकारली आणि उपचारांसाठी तिला दुसऱ्या राज्यात जावे लागले. चुकीचा अंदाज केल्यास डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, अशा राज्यात रुग्णाच्या खाटेशेजारी डॉक्टरच्या आधी वकील उभा राहिला तर नवल नाही.

सामान्य माणसाचे मत मात्र या दोन टोकांच्या मध्ये आहे. अमेरिकेत होणाऱ्या गर्भपातांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पहिल्या तेरा आठवड्यांत होतात. एकविसाव्या आठवड्यानंतरचे प्रमाण सुमारे एक टक्का असते. म्हणजे प्रचाराच्या व्यासपीठावर ज्या प्रसंगांवरून रणे माजतात, ते प्रत्यक्षात विरळा. कान्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये आणि ओहायोमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांना थेट विचारले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या या दोन्ही राज्यांनी हक्काच्या बाजूने स्पष्ट कौल दिला. अर्थात सार्वमताने हक्काचे तत्त्व सांगता येते. अपवाद, मुदती, रुग्णालयांची जबाबदारी यांचा तपशील ठरवायला विधिमंडळच लागते.

सरहद्दीची कहाणी याहून शोचनीय आहे, कारण तेथे तडजोड एकदा झाली होती. १९८६ मध्ये काँग्रेसने केलेल्या आणि अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना अधिकृत वास्तव्य मिळाले. त्याच कायद्याने त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या मालकांना दंडही लावला. दंडाची अंमलबजावणी ढिली राहिली आणि पुढे दोन्ही बाजूंनी त्याचा आपापल्या सोयीचा धडा घेतला, हे खरे. तरीही २००६ मध्ये सरहद्दीवर कुंपण घालण्याच्या कायद्याला बायडेन, ओबामा आणि हिलरी क्लिंटन या तिन्ही सिनेटरांनी मत दिले होते. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक सर्वंकष विधेयक संमत केले. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेतृत्वाने ते मतदानालाच येऊ दिले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण सरहद्दीवर एका महिन्यात जवळपास अडीच लाख माणसे पकडली गेली, तेव्हा बायडेन प्रशासनाचे धोरण फसल्याचे नाकारण्यात अर्थ राहिला नव्हता. दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी चार महिने खपून एक कडक विधेयक तयार केले. निवडणुकीच्या वर्षात हा प्रश्न सुटणे ट्रम्प यांना नको होते. त्यांनी विरोध जाहीर केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रिपब्लिकनांनी ते विधेयक पाडले. आजार बरा झाला तर प्रचार कशाचा करायचा? या हिशेबाला राजकीय चातुर्य म्हणता येईल, राज्यकारभार म्हणता येणार नाही. त्यानंतर जून २०२४ मध्ये बायडेन यांनी आणि जानेवारी २०२५ पासून ट्रम्प यांनी जे केले ते हुकूमनाम्याच्या बळावर. सरहद्द ओलांडणाऱ्यांची संख्या २०२५ मध्ये एकदम घसरली, हे मान्यच केले पाहिजे. तथापि एका सहीने आलेली व्यवस्था दुसऱ्या सहीने जाते, आणि मधल्या काळात माणसांच्या आयुष्यांची उलथापालथ होते.

त्या माणसांत आपलीही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. ज्यांनी कायदा मोडला त्यांच्याविषयी कोणी काहीही म्हणो, परंतु कायद्याने गेलेल्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक परवाने जाऊ नयेत, असा नियम आहे. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे कर भरणारा मराठी अभियंता दशकांच्या रांगेत उभा आहे. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या परवान्यांपुरता हा नियम काढून टाकण्याची तरतूद २०१३ च्या त्या विधेयकात होती. विधेयक बारगळले आणि रांग वाढत राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ‘एच-१बी’ व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावले, तेही हुकूमनाम्यानेच.

तिसरा प्रश्न अध्यक्षाच्या पात्रतेचा. ऑक्टोबर १९१९ मध्ये अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अर्धांगाचा झटका आला. पुढचे जवळजवळ दीड वर्ष त्यांच्यापर्यंत कोणता कागद जायचा हे मुख्यतः त्यांच्या पत्नी ठरवीत होत्या. केनेडींच्या हत्येनंतर अशा प्रसंगांची तरतूद करण्याचे काँग्रेसने मनावर घेतले आणि १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्या चौथ्या कलमान्वये उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाचे बहुमत मिळून अध्यक्ष काम करण्यास असमर्थ असल्याचे जाहीर करू शकतात. मंत्री हे अध्यक्षानेच नेमलेले असल्यामुळे ते धजावणार नाहीत, ही शंका तेव्हाही होती. म्हणून मंत्रिमंडळाऐवजी हे काम करील अशी दुसरी एखादी समिती काँग्रेसला कायद्याने नेमता येईल, असेही त्या कलमात लिहून ठेवले आहे. साठ वर्षे होत आली, तरी काँग्रेसने ती समिती नेमलेली नाही.

परिणाम असा, की अध्यक्षाची प्रकृती हा पक्षनिष्ठेचा विषय झाला. बायडेन यांच्या स्मरणशक्तीविषयी २०२४ च्या फेब्रुवारीत एका विशेष अभियोक्त्याने अहवालात शंका नोंदवली, तेव्हा डेमोक्रॅटिक नेत्यांनी त्यालाच पक्षपाती ठरवले. २७ जूनच्या दूरचित्रवाणीवरील वादसभेत कोट्यवधी लोकांनी अध्यक्षांना वाक्य हरवताना पाहिले आणि २१ जुलैला त्यांना निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. ज्या सहकाऱ्यांना हे आधी दिसत होते, ते बोलले नव्हते. रिपब्लिकनांनी या प्रकाराचा यथेच्छ समाचार घेतला आणि तो योग्यच होता. पण जानेवारी २०२५ मध्ये शपथ घेताना ट्रम्प हे त्या पदाची शपथ घेणारे सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ ठरले. कार्यकाल पूर्ण केल्यास तेव्हा त्यांचे वय ८२ असेल. वयाविषयी कालपर्यंत जागरूक असलेले आवाज त्यांच्याबाबत मात्र मंदावले आहेत. वार्धक्य मतपत्रिका पाहून येत नाही. नि:पक्षपाती वैद्यकीय समिती असती तर दोघांनाही एकच मोजपट्टी लागली असती.

यावर आक्षेप येईल, की काही प्रश्नांत तडजोड हाच अधर्म असतो. गर्भ हा पूर्ण माणूस आहे असे जो मनापासून मानतो, त्याने पंधरा आठवड्यांवर समाधान का मानावे? आणि स्वतःच्या देहावर फक्त आपलाच अधिकार आहे असे मानणाऱ्या स्त्रीने तरी ते का मानावे? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु तडजोड नाकारल्याने मर्यादा नाहीशी होत नाही. ती फक्त दुसरीकडे आखली जाते. ती पाच न्यायमूर्ती आखतात, एक अध्यक्ष सहीने आखतो, किंवा नव्वद मिनिटांचा एक वादविवाद आखतो. अशा मर्यादेत पराभूत पक्षाचा हात नसतो, म्हणून तिच्याविषयी त्याला आपलेपणा नसतो, आणि संधी मिळताच ती पुसण्याची त्याला घाई असते. काँग्रेसमधील सभासदांना हे कळत नाही असे नाही. पण पक्षांतर्गत उमेदवारनिवडीत कडव्या अनुयायांची मते निर्णायक ठरतात, आणि तेथे समंजसपणाची किंमत जागा गमावून मोजावी लागते.

आपण या देखाव्याकडे पाहून शहाणपण मिरवण्याचे कारण नाही. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा झाला तो रीतसर झाला, एवढे श्रेय घेता येईल. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला आणि १९७१ मध्ये संसदेने वीस आठवड्यांची मर्यादा घातली. २००८ मध्ये ही मर्यादा ओलांडू देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने एका दांपत्याला नकार दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०२१ मध्ये, संसदेने विशिष्ट स्त्रियांसाठी ती चोवीस आठवड्यांवर नेली. गती मंद होती, पण मर्यादा जिने आखली तिनेच ती बदलली. मात्र १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीनंतर आपल्या खासदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देण्याची सोय उरलेली नाही. अमेरिकन सिनेटरला मुभा आहे, पण धैर्य नाही. आपल्या खासदाराने धैर्य गोळा केले तरी त्याला मुभा नाही. यांतला कोणता रोग अधिक गंभीर, हे ठरवणे कठीण आहे.

ॲरिझोनाच्या मतदाराने तीन प्रश्नांची तीन उत्तरे दिली, कारण त्याने ते तीन प्रश्न म्हणून वाचले. त्याचे प्रत्येक उत्तर बरोबरच होते असे नव्हे. पण निवडून दिलेल्यांना प्रश्न सुटे करून वाचण्याची सवय पुन्हा लागली, तरच टेक्सासमधल्या त्या स्त्रीला, न्यू जर्सीतल्या त्या अभियंत्याला आणि अध्यक्षाच्या हाती अण्वस्त्रांचा हुकूम सोपवणाऱ्या नागरिकाला कायद्याचा भरवसा वाटेल.