हरा, पण आम्हाला गृहीत धरू नका!

२६ डिसेंबर २०२३ची संध्याकाळ. नाताळ कालच उलटलेला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिटल सीझर्स अरीनामध्ये बास्केटबॉलचा सामना सुरू होता. यजमान डेट्रॉइट पिस्टन्स, पाहुणे ब्रुकलिन नेट्स. पिस्टन्सचा बावीस वर्षांचा केड कनिंगहॅम त्या रात्री जीव तोडून खेळला. एकट्यानं ४१ गुण केले. तरीही संघ ११८-११२ असा हरलाच. हा होता ओळीनं २७वा पराभव! एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत एकाच मोसमात इतके सलग सामने आजवर कुणी हरलं नव्हतं. दोनच दिवसांनी बोस्टनमध्ये २८वा पराभव पदरी पडला.

त्या डिसेंबरात डेट्रॉइटच्या प्रेक्षकांत एक घोषणा घुमू लागली होती. ‘संघ विका! संघ विका!’ ही घोषणा प्रतिस्पर्ध्यांसाठी नव्हती, खेळाडूंसाठीही नव्हती. ती होती मालक टॉम गोर्स यांच्यासाठी. आणि ती देणारे पिस्टन्सचेच चाहते होते. पदरचे पैसे मोजून, संघाचा निळा-लाल शर्ट अंगात घालून आलेले.

आपल्याकडे क्रिकेटचा सामना हरला की पानाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत निवड समित्या बसतात. कुणाला वगळायला हवं होतं, कोण आधी यायला हवा होता, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. अशा सल्ल्यांकडे जाणकार हसून दुर्लक्ष करतात. डेट्रॉइटच्या चाहत्याचंही तेच झालं. तो ओरडत होता आणि संघाचा कारभार पाहणारे ‘धीर धरा’ म्हणत होते. पण हा चाहता नेमकं म्हणत तरी काय होता?

त्यासाठी आधी हे शहर समजून घ्यायला हवं. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. संघाचं नावही गाड्यांच्या इंजिनातल्या पिस्टनवरूनच आलेलं. मूळ मालक फ्रेड झोलनर यांचा इंडियाना राज्यात पिस्टन बनवण्याचा कारखाना होता. १९५७ साली त्यांनी संघ डेट्रॉइटला आणला आणि नाव जणू या गावासाठीच ठेवलं होतं असं वाटावं, इतकं ते इथं चपखल बसलं. १९८९ आणि १९९० साली आयझेया थॉमस, जो डुमार्स यांच्या पिस्टन्सनी लागोपाठ दोन विजेतेपदं पटकावली. तो संघ धसमुसळ्या, कुणालाही न घाबरणाऱ्या खेळासाठी ओळखला जाई. २००४ साली तर कमाल झाली. शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन अशा दिग्गजांनी भरलेल्या लॉस एंजेलिस लेकर्सना पिस्टन्सनी ४-१ असं लोळवलं. त्या पिस्टन्समध्ये एकही मोठा ‘हिरो’ नव्हता. पाच माणसं एकदिलानं राबत होती. घाम गाळून पोट भरणाऱ्या गावाला तो संघ आपल्या घरचाच वाटला.

उतार सुरू झाला तो २००८पासून. त्या वर्षी मे महिन्यात संघानं बाद फेरीतला एक सामना जिंकला, तो शेवटचाच ठरला. नोव्हेंबरमध्ये २००४च्या विजयाचा शिल्पकार चॉन्सी बिलप्स याला डेन्व्हरला देऊन त्याच्या बदल्यात ॲलन आयव्हर्सनला आणलं गेलं. नाव मोठं होतं, पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. २००९, २०१६ आणि २०१९ साली संघ बाद फेरीत पोहोचला, पण तिन्ही वेळा पहिल्याच टप्प्यात ०-४ असा गारद झाला. मधल्या काळात २०१३ साली खुद्द डेट्रॉइट शहरानंच दिवाळखोरीचा अर्ज केला. शहर हळूहळू सावरलं. संघ मात्र सावरेना.

तेव्हा २०२३ सालच्या चाहत्याच्या रागाला पंधरा वर्षांची पार्श्वभूमी होती. त्याची पहिली तक्रार होती डावपेचांबद्दल, आणि ती कुणालाही समजेल अशी साधी होती. कनिंगहॅम हा संघाचा सूत्रधार. चेंडू घेऊन तो आत घुसतो, तेव्हा त्याला वाट मोकळी हवी. ती कशी मिळते? कोपऱ्यांत, लांबवर नेमबाज सहकारी उभे असले तर. लांबून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात. त्यामुळे अशा नेमबाजाला मोकळं सोडायला कुणी धजत नाही. बचावपटू त्याच्याजवळ अडकून पडतात आणि मध्ये जागा होते. पिस्टन्सकडे असे नेमबाज अगदी थोडे होते. प्रतिस्पर्धी बाकीच्यांना खुशाल मोकळं सोडत आणि कनिंगहॅमभोवती भिंत उभी करत. स्वयंपाक्याला भाजी चिरायची सुरीच द्यायची नाही आणि जेवणाला उशीर का झाला म्हणून त्यालाच विचारायचं, असा तो प्रकार होता.

दुसरी तक्रार प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांच्याबद्दल. विल्यम्स काही नवखे नव्हते. २०२१ साली त्यांनी फिनिक्स सन्सला अंतिम फेरीत नेलं होतं आणि २०२२ साली ते सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. २०२३च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटनं त्यांच्याशी सहा वर्षांचा, सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. तोवर कुठल्याही प्रशिक्षकाला एवढा मोबदला मिळाला नव्हता. पण मोसम सुरू झाला आणि चाहते बुचकळ्यात पडले. वेगवान, होतकरू जेडन आयव्ही बाकावर आणि धडपडणारा किलियन हेज सुरुवातीच्या पाचांत! त्यातच मधूनच पाचही मुख्य खेळाडूंना एकदम बाहेर बोलावून पाचही राखीव खेळाडूंना मैदानात उतरवलं जाई. कष्टानं मिळवलेली आघाडी त्या काही मिनिटांत वितळून जाई. एखादा तरी अनुभवी खेळाडू मैदानात ठेवा, एवढंच चाहत्याचं मागणं होतं.

तिसरी तक्रार सर्वांत कडू होती, व्यवस्थापनाबद्दलची. २०२० साली व्यवस्थापक म्हणून आलेल्या ट्रॉय वीव्हर यांनी संघाची ‘पुनर्बांधणी’ नव्हे तर ‘पुनःस्थापना’ करू, असं सांगितलं होतं. शब्द छान होता. पण त्याच वर्षी नवोदितांच्या निवडीत त्यांनी सातव्या क्रमांकावर हेजला घेतलं. बाराव्या क्रमांकावर निवडला गेलेला टायरीज हॅलिबर्टन पुढे, २०२५ साली, इंडियानाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला. आता, एकाची पारख चुकणं समजू शकतं. हॅलिबर्टनला ओळखू न शकणारे इतरही संघ होतेच. पण इतर संघांनी सोडून दिलेले मोठे नाववाले तरुण गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळतात का हे न पाहता, याला योजना कसं म्हणायचं, असा चाहत्याचा सवाल होता.

इथं एनबीएची एक खुबी सांगायला हवी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. अमेरिकेत तसं नाही. कितीही हरा, पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे तीसही संघांना सारखे वाटून मिळतात. उलट, हरणाऱ्याला बक्षीस असतं. नव्या दमाच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघांना आधी संधी मिळते. हेतू चांगला, दुबळ्याला बळ मिळावं हा. पण त्यामुळे मुद्दाम हरण्याचा मोह होतो. म्हणून पहिले क्रमांक सोडतीनं ठरतात आणि २०१९पासून तर नियम असा झाला की, सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, फक्त १४ टक्के. सर्वांत तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची शक्यता मात्र जवळजवळ ४८ टक्के!

खरं बोलायचं तर या बाबतीत चाहत्याचे हातही अगदी स्वच्छ नव्हते. २०२२-२३च्या मोसमात कनिंगहॅम पायाच्या दुखापतीमुळे १२च सामने खेळू शकला आणि संघ ८२पैकी ६५ सामने हरला. तेव्हा कित्येक चाहते मनातल्या मनात खूश होते. कारण त्या वर्षी फ्रान्सचा सव्वासात फुटांहून उंच व्हिक्टर वेंबान्यामा निवडीसाठी उपलब्ध होता. हरू या, म्हणजे तो मिळेल, हा हिशेब केवळ व्यवस्थापनाचाच नव्हता. सोडत निघाली. वेंबान्यामा गेला सॅन अँटोनियोला आणि एनबीएत सर्वांत तळाला राहिलेल्या डेट्रॉइटच्या वाट्याला आला पाचवा क्रमांक. पुढच्या वर्षी १४ विजय, ६८ पराभव अशी आणखी भयंकर कामगिरी झाली आणि सोडतीत पुन्हा पाचवाच क्रमांक! हरण्यातून नशीब काढायला निघालेल्यांना नशिबानं दोनदा दार दाखवलं.

पराभवांचा खरा तोटा या आकड्यांत दिसत नाही. रोज हरणाऱ्या तरुण संघाला हरण्याची सवय लागते. सामना अटीतटीचा झाला की हात थरथरू लागतात. आणि घरोघरी आणखी एक गोष्ट घडते. ज्या बापानं २००४चा जल्लोष पाहिला, तो आपल्या मुलाला त्या गोष्टी सांगत राहतो. पण मुलानं स्वतः पाहिलेलं असतं ते फक्त हरणं. त्यानं हाच संघ आपला का मानावा? दुसऱ्या गावाच्या विजेत्या संघाचा शर्ट त्यानं मागितला, तर बापानं काय उत्तर द्यावं? संघ एका मोसमात सुधारता येतो, पण घरातून गेलेला वारसा परत आणायला पिढी लागते. ‘संघ विका’ या घोषणेमागे ही भीती होती. गोर्स यांनी संघ विकायला साफ नकार दिला. मात्र बदल होतील, असं त्यांनी मान्य केलं.

३० डिसेंबर २०२३ला टोरांटो रॅप्टर्सवर १२९-१२७ अशी मात करून पिस्टन्सनी पराभवांची ती माळ एकदाची तोडली. फेब्रुवारी २०२४मध्ये हेजला मोकळं करण्यात आलं. मोसम संपल्यावर वीव्हर गेले. कराराची पाच वर्षं शिल्लक असताना विल्यम्सनाही निरोप दिला गेला. त्या घाईच्या कराराची किंमत मालकानं अशी चुकवली. ट्रॅजन लँग्डन संघाचा कारभार पाहू लागले आणि क्लीव्हलँडनं नुकतंच दूर केलेले जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले.

लँग्डन यांनी जादू केली का? मुळीच नाही. त्यांनी चाहता जे ओरडून सांगत होता तेच केलं. टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर, मलिक बीस्ली असे अनुभवी, लांबून नेम साधणारे खेळाडू आणले. त्यांतला बीस्ली तर एका वर्षासाठी ६० लाख डॉलरला, म्हणजे तिथल्या हिशेबानं स्वस्तात मिळाला. त्यानं त्या मोसमात तीन गुणांची ३१९ बास्केट केली. पिस्टन्सच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. कनिंगहॅमभोवतीची भिंत फुटली, वाट मोकळी झाली. सूत्रधार तोच होता, आता त्याच्या हातात सुरी आली होती.

२०२४-२५च्या मोसमात पिस्टन्सनी ४४ सामने जिंकले. १४वरून थेट ४४! एप्रिल २०२५मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यांनी २००८नंतर प्रथमच बाद फेरीतला सामना जिंकला आणि बाद फेरीतल्या सलग १५ पराभवांची मालिका संपवली. ती लढत अखेर ते २-४ अशी हरले. घरच्या मैदानावरचे तिन्ही सामने त्यांनी गमावले, तेही दोन, एक आणि तीन गुणांनी. डेट्रॉइटच्या डोळ्यांत त्या रात्री पाणी होतं. पण दीड वर्षापूर्वीची ती ‘संघ विका’ची घोषणा मात्र कुठल्या कुठे विरून गेली होती.

सामना हरला म्हणून चाहता चिडतो, असं समजण्यात चूक होते. निक्सविरुद्ध शेवटच्या क्षणापर्यंत झुंजून हरलेला संघ त्यानं आपला मानला. कशासाठी हरतो आहोत, हे कुणीच न सांगता हरवलं जाणं त्याला सहन झालं नव्हतं. त्याचा प्रत्येक सल्ला बरोबर होता असंही नाही. तरी, आपल्या संघाचे सगळे सामने डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या माणसाला काही गोष्टी कार्यालयात बसणाऱ्यांच्या आधी दिसतात. नेमबाज हवेत, हे कळायला २८ पराभव लागायला नको होते.

२०२५च्या नोव्हेंबरात पिस्टन्स पुन्हा बातम्यांत झळकले. या वेळी सलग १३ विजयांमुळे. संघाच्या आजवरच्या सर्वोत्तम विजयमालिकेची ती बरोबरी होती. दोनच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात याच संघानं एकही सामना जिंकला नव्हता. मुलाला दाखवायला आता डेट्रॉइटच्या बापाकडे स्वतःच्या आठवणींपलीकडचंही काहीतरी आहे.